रकाना क्रमांक अकरा

आमच्या सोसायटीत मासे पाळायचे असतील तर अर्ज करावा लागतो. सोसायटीच्या ऑफिसात नाही, बी विंगमधल्या मेश्राम काकांकडे. अर्ज छापील असतो, पाठपोट भरायचा असतो, आणि 'खाडाखोड केलेला अर्ज विचारात घेतला जाणार नाही' ही सूचना सगळ्यात वर असते.

हा अधिकार त्यांना कोणी दिला, असं मी एकदा विचारलं होतं. आम्ही सदाशिव पेठेतून वाघोलीला राहायला येऊन तेव्हा चारच महिने झाले होते, आणि पेठेतला माणूस कुठेही गेला तरी पहिलं वर्षभर शंका विचारतोच. काका म्हणाले, "कोणीच नाही दिला. तुम्ही दुकानातून आणू शकता. आठ दिवसांनी भेटू."

त्यातच सगळं आलं. सोसायटीत ज्यांनी ज्यांनी दुकानातून परस्पर मासे आणले, त्यांचे मासे आठवड्याभरात उलटे झाले. आमच्याकडे टँकरचं पाणी, तेही इतकं जड की बादलीवर पांढरा थर धरतो. काकांच्या बाल्कनीत मात्र त्याच पाण्यात गप्पी, मोली आणि प्लॅटी सुखाने वाढतात. अर्ज मंजूर झाला की ते बरणीत मासे घालून स्वतः घरपोच आणून देतात. त्यामुळे त्यांच्या घराच्या आत पाऊल टाकलेला माणूस सोसायटीत जवळजवळ नव्हताच.

दामोदर मेश्राम मूळचे चंद्रपूरकडचे. सरकारी कर्मचाऱ्यांना राहायला क्वार्टर वाटून देणाऱ्या कार्यालयात त्यांची सगळी नोकरी गेली. शेवटची काही वर्षं पुण्यात काढली आणि निवृत्तीनंतर वाघोलीत फ्लॅट घेतला. वय एकाहत्तर. अंगात कायम बाहीची बटणं लावलेला पांढरा शर्ट, खिशात लाल पेन. बोलणं अगदी प्रमाण, पण चिडले किंवा हळवे झाले की त्यांच्या वाक्यात 'राहिले' आणि 'काऊन' येतं. हळवे होतात हे मला फार उशिरा कळलं.

क्वार्टर वाटताना ते एक गोष्ट शिकले होते. ती ते अजूनही सांगतात. "वरच्या मजल्यावर मसाला कुटणारी बाई आणि खाली रात्रपाळीचा माणूस असं ॲलॉट केलं, की महिन्यात माझ्या टेबलावर तक्रार. मासे काही वेगळे नाहीत. तळमजल्याचे वेगळे, मधल्या मजल्याचे वेगळे, वरचे वेगळे. मजले बघून द्या, भांडणं होत नाहीत." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "आधी शेजार, मग शोभा."

आमच्याकडे मासे हवे झाले ते माझ्या नवऱ्यामुळे. सतीशचं ब्लडप्रेशर वाढलं, आणि डॉक्टरांनी त्याला रोज अर्धा तास शांतपणे मासे बघत बसायला सांगितलं. गोळ्या रोज विसरणाऱ्या माणसाने हा सल्ला मात्र ताबडतोब मनावर घेतला. त्याने मोबाइलवर बघून चार मासे पसंत केले, चारही रंगावरून, आणि मी अर्ज भरायला बसले.

मी कॉलेजात गणित शिकवते. तऱ्हेतऱ्हेचे फॉर्म भरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, पण असा फॉर्म मी पाहिला नव्हता. रकाना चार: घरात भांडणं होतात का, होत असल्यास टाकीपासून किती अंतरावर. रकाना सात: काचेवर टिचकी मारणाऱ्या सदस्यांची संख्या, पाहुणे धरून. रकाना नऊ: अर्जदार गावाला गेल्यास खाऊ कोण घालणार, आणि तो जास्त घालणार नाही याची हमी. रकाना अकरा: अर्जदाराच्या पश्चात माशांची जबाबदारी कोणाची, नाव, वय, सही.

पश्चात! गप्पी जेमतेम दोन वर्षं जगतो. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची धडधाकट बाई. अकराव्या रकान्यात मी लिहिलं, 'महानगरपालिका'. दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'महापालिकेचे संमतिपत्र जोडावे.' मी मुकाट्याने सतीशचं नाव घातलं.

सतीशच्या यादीवरचे शेरे मी जपून ठेवलेत. फायटर: 'एकलकोंडा. दुसरा नर दिसला की अंगावर जातो. लांब शेपटीचा गप्पी दिसला तरी तोच गैरसमज करून घेतो. नामंजूर.' गोल्डफिश: 'थंड पाण्याचा रहिवासी. बाकीच्यांना कोमट लागते. शिवाय घाण फार. नामंजूर.' एंजल: 'दिसतो गरीब. तोंडात मावेल ते गिळतो. लहान कुटुंबांशेजारी नामंजूर.' चौथा शार्क म्हणून विकला जाणारा काळा मासा होता. त्याच्यापुढे नुसतं 'छे' लिहिलं होतं.

मग आमच्या टाकीची पाहणी झाली. काका आले, टेपने लांबी-रुंदी मोजली, थर्मामीटर बुडवला, टीव्हीचा आवाज किती ठेवता ते लावून दाखवायला सांगितलं. मी चहा पुढे केला तर म्हणाले, "पाहणी चालू असताना घेत नाही." पाहणी संपल्यावर घ्या म्हटलं, तर म्हणाले, "मग तर निकालावर परिणाम झाला असं होईल." नोकरीत असताना या माणसाने किती लोकांचा जीव खाल्ला असेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

शेवटी आम्हाला वरच्या मजल्यावर मोली, मध्ये प्लॅटी आणि तळाला कोरी असं ॲलॉटमेंट मिळालं. कोरी म्हणजे वाळूत तोंड खुपसून फिरणारे बोटभर मासे. मी दोन मागितले, त्यांनी सहा आणले.

"एवढे कशाला काका?"

"सहाच्या खाली देत नाही. हा कळपातला मासा. एकटा ठेवला तर कोपऱ्यात बसतो, खात नाही. अन् लोक म्हणतात, किती शांत मासा आहे. शांत कुठला, झुरून राहिला असतो तो."

त्यांचा सल्ला न मानल्यास काय होतं, हे सगळ्या सोसायटीला क्लबहाउसच्या टाकीने दाखवलं. आमचे चेअरमन पोफळे यांनी दिवाळीत क्लबहाउसमध्ये मोठी टाकी बसवली. मेश्राम काकांकडे अर्ज करणं हा चेअरमनपदाचा अपमान, म्हणून ते स्वतः जाऊन मासे घेऊन आले. तळहाताएवढे दोन एंजल आणि दिव्यासारखे चमकणारे बारा इवले निऑन. उद्घाटनाला आम्ही सगळे होतो. काका टाकीपुढे क्षणभर उभे राहिले, "बारा आहेत ना? मोजून ठेवा," एवढंच म्हणाले आणि पेढा न खाता घरी गेले.

चौथ्या दिवशी निऑन नऊ होते. आठव्या दिवशी सात. पोफळ्यांना वॉचमनचा संशय आला, मग सी विंगमधल्या मांजरीचा, मग क्लबहाउस झाडणाऱ्या बाईंचा. त्यांनी नोटीस लावली: 'सोसायटीच्या मालमत्तेतील मासे चोरीस जात असून संबंधितांनी ते चोवीस तासांत परत आणून सोडावेत.' आणि कमिटीची तातडीची सभा घेऊन टाकीवर रोखलेला सीसीटीव्ही कॅमेरा बसवला. दोन दिवसांनी नोटिशीखाली लाल शाईत एक ओळ आली: 'चोर आतच आहेत. पोटे तपासावीत.'

कॅमेऱ्यात सगळं दिसलं म्हणतात. ते चित्रण पोफळ्यांनी कमिटीलाही दाखवलं नाही, पण पुढच्या सोमवारी त्यांनी अर्ज भरला. काकांनी तो दोनदा परत पाठवला, एकदा खाडाखोडीसाठी आणि एकदा, मला वाटतं, निव्वळ समाधानासाठी.

अशी दोन वर्षं गेली. सतीशचं ब्लडप्रेशर उतरलं. काका दर महिन्याला अचानक पाहणीला येत, खुर्ची ओढून टाकीसमोर बसत आणि कोरी मोजत. अर्धा अर्धा तास बसत. आम्ही आमची कामं करत राहायचो. ते इतका वेळ का बसतात, असं आमच्या मनातसुद्धा आलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एका महिन्यात ते आले नाहीत. वॉचमनकडून कळलं, ताप आहे. मी डब्यात मऊ खिचडी आणि कढी घेतली आणि पहिल्यांदा त्यांच्या दाराशी गेले. दारावर जुनी पितळी पाटी होती. दामोदर मेश्राम, आणि खाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत शालिनी मेश्राम. काकू तीन वर्षांपूर्वी, आम्ही इथे यायच्या आधीच गेल्या, एवढं मला ऐकून माहीत होतं.

दार त्यांनीच उघडलं. शर्टाच्या बाह्यांची बटणं तापातही लावलेली. "अर्ज आणला का?" असं विचारलं. मी डबा दाखवला, तेव्हा नाइलाजाने आत घेतलं.

हॉलमध्ये सोफा नव्हता. समोर बुद्धांची तसबीर, एक खुर्ची, औषधांचं टेबल, आणि अख्ख्या भिंतीला लावलेली सहा फुटी टाकी. पाणी आरशासारखं स्वच्छ. लाकडाचे ओंडके, गोल दगड, मातीचा जाड पाइप. मासा एकही दिसेना. मग मला ओंडक्याच्या मागे वीतभर लांबीचा नारिंगी मासा दिसला. अंगावर तीन काळे पट्टे. तो कुशीवर आडवा पडला होता.

"काका! हा गेला वाटतं!"

"झोपली आहे. लोच अशीच झोपते," ते म्हणाले. पण लगेच उठले, काचेशी वाकले, आणि तिचा कल्ला हलताना दिसेपर्यंत तसेच वाकून राहिले.

मी टाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पाहिली. "बाकीच्या कुठेत?"

"बाकीच्या नाहीत."

"लोच कळपातली ना? तुमच्याच फॉर्मच्या मागे छापलंय. 'कोरी, टेट्रा, लोच, सहाच्या खाली दिली जाणार नाहीत.'" मास्तरकीची सवय वाईट. समोरच्याची चूक सापडली की तोंड आधी चालतं. "हा नियमभंग झाला काका. पाहणी करायची तर पहिली इथे करायला हवी."

ते खुर्चीत बसले. डबा न उघडताच टेबलावर ठेवला.

"सहाच होत्या," ते म्हणाले. "आमची पुण्याला बदली झाली तेव्हा आणल्या. एकोणीस वर्षं झाली. हिला इथं कोणी ओळखीचं नव्हतं. तिकडं पाच बहिणी, एका गल्लीत सगळ्या. इथं दिवसभर क्वार्टरमध्ये एकटी. मी हजार लोकांना शेजार बघून घर दिलं हो, आपल्या बायकोसाठी नाही बघितलं. मग ह्या आणल्या, अंगठ्याएवढ्या होत्या. हिनं पाचांना बहिणींची नावं ठेवली. कमल, विमल, सुलू, मंदा, बेबी."

"आणि सहावी?"

"सहावी ती स्वतःच. शालू."

ओंडक्यामागे पडलेली ती शालू होती.

लोच जेवताना आवाज करते, हे मला त्या दिवशी कळलं. खाणं आवडलं की टक, टक असा. सहाजणी जेवायला बसल्या की स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायचं, आणि काकू म्हणायच्या, "पहा, पसंत पडलं त्यांना. तुम्ही कधी म्हणता का असं?" काकू गेल्या, त्यानंतर दोन वर्षांत एकेक करून पाच लोच म्हाताऱ्या होऊन गेल्या. वर्षभर शालू एकटी होती. खायची, पण पूर्वीच्या निम्मं. आवाज बंद.

"मग पाच नवीन आणायच्या ना! तुम्हाला कोण नाही म्हणणार आहे?"

"काऊन आणू?" ते चिडलेच. "मी एकाहत्तरचा. लोच वीस-पंचवीस वर्षं जगते. मुलगा हैदराबादला. त्याला विचारलं तर म्हणतो, पप्पा, दुकानात परत देऊन टाका. पाच लेकरं घरात आणायची अन् उद्या त्यांना दुकानात देऊन टाकायची? अकरावा रकाना कोणाच्या नावानं भरू मी? रिकामा रकाना असलेला अर्ज मी आजवर मंजूर केला नाही मॅडम. स्वतःचा करू?"

ज्या रकान्यावर आम्ही सगळे दोन वर्षं हसत होतो, तो त्यांनी आमच्यासाठी छापलाच नव्हता. मला लाज वाटली. खिचडी गरम असतानाच खा, असं काहीतरी म्हणून मी निघाले. निघताना टेबलावरच्या गठ्ठ्यातला एक कोरा अर्ज उचलला.

घरी गेल्यावर सतीशला सगळं सांगितलं. तो बराच वेळ आमच्या कोरींकडे बघत बसला. मग उठून टेप घेऊन आला आणि हॉलची भिंत मोजायला लागला. "दिवाण काढला तर सहा फूट बसतात," म्हणाला.

"दिवाण काढला तर तुझे आईबाबा आले की झोपतील कुठे?"

"आपल्या खोलीत. आपण खाली गादी टाकू. लग्नात टाकलीच होती की."

मी अर्ज भरायला बसले. अर्जदाराचं नाव: दामोदर मेश्राम. मासे: लोच, पाच. रकाना अकरा: माझं नाव, वय सेहेचाळीस, सही. शेजारी कंसात लिहिलं, 'सेहेचाळीस अधिक पंचवीस बरोबर एकाहत्तर. एकाहत्तराव्या वर्षी सहा फुटी टाकी सांभाळता येते, हे प्रत्यक्ष पाहिले आहे.' एकही खाडाखोड केली नाही. दुसऱ्या दिवशी डबा परत आणायला गेले तेव्हा अर्ज त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. दोन्ही बाजू वाचल्या. अकराव्या रकान्याशी आल्यावर चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"बेरीज बरोबर आहे," म्हणाले. मग खिशातलं लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं: 'जागेचा नकाशा जोडलेला नाही. प्रत्यक्ष पाहणी रविवारी.'

रविवारी ते आले. आमच्या भिंतीचं माप घेतलं, ऊन किती वाजता येतं ते विचारलं, फरशी वजन पेलेल का म्हणून बुटाच्या टाचेने ठोकून पाहिली. खालच्या मजल्यावरून तक्रार आली, ती त्यांनी वहीत नोंदवली. मी सवयीने चहा केला होता, पण पुढे केला नव्हता. स्वतःच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "चहाचा वास येऊन राहिला." आणि पाहणी अर्धवट असताना दोन कप प्यायले.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं कसबा पेठेत गेलो. तिथला मासेवाला त्यांना बघून आधी शटरकडेच गेला, पण काका त्या दिवशी भांडायच्या मनःस्थितीत नव्हते. दीड तास एकाच टाकीपुढे उभे राहिले. कोण आधी खायला येतं, कोण दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून बसतं, कोणाच्या अंगावर पांढरा ठिपका आहे, सगळं बघून पाच निवडल्या. पिशवी गाडीत मांडीवर धरून बसले. सतीशने स्पीडब्रेकर जरा जोरात घेतला, तर त्याला एक वाक्य ऐकवलं. ते मी इथे लिहीत नाही.

नव्या लोच तीन आठवडे बाल्कनीत वेगळ्या टबात ठेवल्या. कोणाला रोग नाही ना, याची खात्री. टाकीत सोडल्या त्या दिवशी मला बोलावलं नाही. मीही विचारलं नाही. मनात धास्ती होती. शालू आता म्हातारी, या पाच पोरी. सगळं आयुष्य शेजार बघण्यात घालवलेल्या माणसाचा हा शेवटचा शेजार फसला तर काय, या विचाराने वर्गात माझी गणितं चुकायला लागली. दोन दिवस गेले, चार गेले. सहाव्या दिवशी काका लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "ती अजून पाइपातच आहे. बाहेर येत नाही," आणि खाली बघत राहिले.

नवव्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. मी पोळ्या करत होते, पीठ लागलेल्या हाताने उचलला. मेश्राम काकांचा नंबर, पण पलीकडून कोणी बोलेना. नुसता पाण्याचा बुडबुडता आवाज.

"काका? बरं आहे ना?"

"गप रहा जरा," ते कुजबुजले. "ऐका."

मी गॅस बंद केला. आधी काही ऐकू आलं नाही. मग आलं. टक. थोड्या वेळाने पुन्हा, टक, टक. मग त्यात बारीक बारीक आवाज मिसळले, कोवळे, घाईघाईचे. सतीश शेजारी येऊन उभा राहिला होता, मी फोन दोघांच्या मध्ये धरला. मला रडू येत होतं आणि पीठ लागलेल्या हातांनी डोळेही पुसता येत नव्हते.

"पहिला आवाज तिचा आहे," काका म्हणाले. "जाडा आहे तो."

"ऐकू येतोय काका."

त्यांनी फोन आणखी थोडा वेळ काचेपाशीच धरला. मग घसा खाकरला.

"बरं, ठेवतो आता," म्हणाले. "जेवून राहिल्या सगळ्या."